खानापूर ते चोर्ला: बेडकाची नोंद कशी करायची, नाव कसं ठरवायचं, डीएनएचा निकाल कसा वाचायचा

मृगाचा पाऊस सुरू झाला की बेळगाव जिल्ह्याच्या जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, हेम्मडगा भागातल्या बेडकांचे फोटो फोनवर फिरायला लागतात. पाठीवरून काढलेला एकच फोटो, खाली "हा कुठला?" असा प्रश्न, आणि थोड्याच वेळात कुणीतरी ठामपणे दिलेलं नाव. ते नाव कुणाच्या तरी यादीत जातं, यादीतून कॉलेजच्या प्रकल्पात उतरतं. पुढे कधी त्या बेडकाचा डीएनए तपासला आणि तो नावाशी जुळला नाही, की नवी प्रजाती सापडल्याची घाई होते. बहुतेक वेळा नवीन काही सापडलेलं नसतं. पहिलं नावच चुकलेलं असतं.

चूक क्रमात आहे. नाव शेवटी यायला हवं, आणि आपण सुरुवात नावापासून करतो.

आपल्या पट्ट्यात ही चूक जास्त महाग पडते, कारण उत्तरेला आंबोली आणि दक्षिणेला कॅसलरॉक अशा दोन महत्त्वाच्या ठिकाणांच्या मधोमध आपलं रान आहे. एखाद्या प्रजातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन ज्या जागेच्या नमुन्यावरून झालं, ते तिचं मूळ ठिकाण. राओर्चेस्टेस बॉम्बायेन्सिस या झुडूपबेडकाचं १९१९ सालचं वर्णन कॅसलरॉकच्या नमुन्यावरून झालं, निक्टीबॅट्रेकस पेट्रिअस या रातबेडकाचं २००५ सालचं वर्णनही तिथूनच. आंबोलीवरून झँथोफ्रिनी टायगेरिना हा भेक (खडबडीत कातडीचा टोड) आणि स्यूडोफिलॉटस अंबोली हा झुडूपबेडूक २००९ मध्ये, तर इंडिराना चिरवासी २०१४ मध्ये नोंदला गेला. मधल्या रानातल्या बेडकाला दोन्हीकडची नावं सहज चिकटतात. ती खरोखर लागू पडतात का, हे इथल्या नीट नोंदींशिवाय कुणालाच ठरवता येणार नाही. म्हणून खालचा क्रम, कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांसाठी आणि प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी.

## १. घरातून निघण्याआधी

परवानगी. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही, रात्री तर नाहीच. ओढा ओलांडला की गोवा, डोंगर उतरला की महाराष्ट्र, असा आपला भाग आहे. तीन राज्यांची तीन वनखाती आहेत. एकाची परवानगी दुसरीकडे चालत नाही. बेडूक धरायचा असेल, त्याचा कुठलाही अंश घ्यायचा असेल, तर त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. ती सहसा संस्थेमार्फतच मिळते.

परवानगी नसली म्हणून काम अडत नाही. गावातला रस्ता, भाताचे बांध, विहिरीचा काठ, ओळखीच्या माणसाचं परसू, काजूची बाग एवढ्यात पावसाळाभर पुरेल इतकं काम आहे. मालकाला विचारा आणि जा.

बूट. ही पायरी जवळपास सगळे वगळतात. बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही नोंदली गेली आहे, आणि ती ओल्या चिखलाबरोबर एका ओढ्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. एका ओढ्याचं काम संपलं की ब्रशने चिखल पूर्ण काढा. बूट खणखणीत वाळणं सगळ्यात चांगलं, पण जुलैत कणकुंबीला काहीच वाळत नाही. म्हणून चिखल काढल्यावर बुटांचे तळ सत्तर टक्के अल्कोहोलने किमान मिनिटभर ओले ठेवा, किंवा एक टक्का क्लोरीन-ब्लीचच्या द्रावणाने धुवा. हे काम ओढ्यापासून दूर, रस्त्यावर करायचं. ब्लीच पाण्यात गेलं तर बेडकांनाच मारतं.

हात. डास पळवणारं मलम, सनस्क्रीन, सॅनिटायझर यातलं काही हाताला असेल तर बेडकाच्या जवळसुद्धा हात नेऊ नका. बेडूक कातडीतून पाणी घेतो आणि श्वासही घेतो. हातावरचं रसायन सरळ त्याच्या अंगात जातं.

सामान. दोन बॅटऱ्या, फोन किंवा रेकॉर्डर, साधा तापमापक, मिलिमीटरची पट्टी, पेन्सिल आणि जलरोधक वही. पेन नको, ओल्या कागदावर शाई पसरते.

> सावधान: झुडपात हात घालण्याआधी बॅटरी फिरवा. बेडूक असतात तिथे चापडा हा विषारी सापही असतो, आणि तो अजिबात हलत नाही. एकट्याने रात्री जाऊ नका. गवा आणि अस्वल या भागात नेहमीचे आहेत.

## २. वेळ निवडा

"पावसाळ्यात गेलो होतो" एवढ्याने काम होत नाही. काही बेडूक पहिल्या जोरदार पावसानंतर मोजक्या रात्रीच ओरडतात, विणीचं उरकतात आणि गायब होतात. शेतातला मोठा पिवळाधमक बेडूक, म्हणजे होप्लोबॅट्रेकस टायगेरिनसचा नर, त्यातलाच. तो पिवळा रंग फक्त विणीपुरता असतो. झुडूपबेडूक मात्र पावसाळाभर ओरडत राहतात. म्हणून तीच जागा जूनच्या मध्यात, जुलैत आणि सप्टेंबरमध्ये अशी पुन्हा पुन्हा पाहायला हवी. एकाच फेरीवरून "इथे हा बेडूक नाही" असं कधीही लिहू नका.

पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक असेल तर पाऊस चांगला, असं आपल्याकडे शेतकरी मानतात. मात्र शेतकऱ्यांकडे याहून नेमकं काहीतरी असतं. पहिल्या पावसाला कुठल्या खाचरात कुठला आवाज येतो, हे त्यांना बरोबर माहीत असतं. बांधावरच्या काकांना, मामींना आधी विचारा. आवाजाचं वर्णन ते ज्या शब्दांत करतात ते तसंच वहीत उतरवा. नंतर ध्वनिमुद्रणाशी जुळवताना ते उपयोगी पडतं.

सूर्यास्तानंतरचे पहिले तीन-चार तास सगळ्यात चांगले.

## ३. आधी आवाज, मग उजेड

इथे क्रम उलटला की रात्र वाया जाते. बॅटरी टाकली की बेडूक गप्प बसतो. म्हणून:

१. आवाजाच्या दिशेने अंधारात किंवा लाल उजेडात हळू जा. थांबा. तो पुन्हा सुरू होईपर्यंत वाट बघा.

२. शक्य असेल तर मीटरभर अंतरावरून ध्वनिमुद्रण सुरू करा. फाइल वेव्ह प्रकारात ठेवा. फोनचं साधं रेकॉर्डिंग आवाज दाबून साठवतं आणि "गोंगाट कमी करा" हा पर्याय चालू असेल तर बेडकाच्या आवाजातले बारीक ठोकेच कापून टाकतो. तो पर्याय बंद करा.

३. किमान दोन-तीन मिनिटं सलग घ्या. मध्ये बोलू नका.

४. शेवटी तुमच्या आवाजात तारीख, वेळ, गाव, हवेचं तापमान आणि बेडूक कुठे बसला होता ते बोला. फाइल आणि माहिती वेगळी होत नाही.

५. आता उजेड टाका आणि ओरडणारा बेडूक प्रत्यक्ष बघा. आवाजाची पिशवी फुगताना दिसली तरच तो आवाज त्या बेडकाचा. शेजारी बसलेल्या दुसऱ्याच बेडकाच्या नावावर आवाज लावणं ही फार मोठी आणि फार नेहमीची चूक आहे.

तापमान का? बेडकाचं शरीर भोवतालच्या हवेइतकंच गरम किंवा गार असतं. गार रात्री त्याच्या आवाजातले ठोके संथ पडतात. तापमान न लिहिता दोन रात्रींचे आवाज ताडून पाहिले तर एकाच प्रजातीच्या दोन वाटतात.

> तपासणी: घरी आल्यावर ऑडासिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा. एका हाकेत किती ठोके, हाक किती मिलिसेकंदांची, सगळ्यात जोरदार कंपनसंख्या किती हर्ट्झ, हे तीन आकडे काढता येतात का? येत नसतील तर पावसाचा आवाज जास्त आला आहे. पुन्हा जावं लागेल.

मिनर्वार्यासारख्या शेतबेडकांमध्ये दोन प्रजाती दिसायला जवळपास सारख्या असतात आणि आवाज वेगळा असतो. त्यांच्या बाबतीत ध्वनिमुद्रण नसेल तर फोटो कितीही सुंदर असला तरी वंशाच्या, म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दाच्या, पलीकडे नाव देऊ नका.

## ४. फोटो: पाठ पुरेशी नाही

पाठीचा रंग हा सगळ्यात फसवा पुरावा. एकाच झुडूपबेडकाची एक मादी तपकिरी, दुसरीच्या पाठीवर मध्यभागी पांढरी रेघ, तिसरीवर काळे ठिपके असू शकतात. दिवसा आणि रात्री रंग फिकट-गडद असाही बदलतो. इंडिरानाची तऱ्हा तीच. म्हणून एकाच बेडकाचे, एकाच जागी, खालचे फोटो हवेत:

- बाजूने डोकं. डोळा, नाकपुडी, कानाचा गोल पडदा आणि त्याच्यावरून जाणारी कातडीची घडी एका फोटोत. पडदा दिसतच नसेल तर तीही नोंद आहे.
- डोळ्याची बाहुली. मंद उजेडात. रातबेडकांची बाहुली चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारखी असते, इतर बहुतेकांची आडवी.
- पुढची बोटं. टोकाला चकती आहे का, आणि बोटांमध्ये पडदा आहे का.
- मागची बोटं. पडदा बोटाच्या टोकापर्यंत जातो की अर्ध्यात थांबतो. बोटं फाकलेली असताना फोटो घ्या.
- जांघ आणि मांडीची मागची बाजू. झुडूपबेडकांमध्ये इथला रंग आणि ठिपके महत्त्वाचे असतात. बसलेल्या बेडकाची जांघ झाकलेली असते, म्हणून हा फोटो नेहमी राहून जातो. तो उडी मारून वळतो तेव्हा संधी असते.
- गळा आणि पोट. हात न लावता मिळायचं तर एक जागा हमखास: घराच्या खिडकीची काच. पावसाळ्यात झाडावरचे बेडूक दिव्याखाली काचेवर येऊन चिकटतात आणि आतून पोट स्वच्छ दिसतं.
- जागा. बेडूक न दिसणारा, आजूबाजूच्या पाच मीटरचा फोटो. ओढा, सडा (कातळाचं उघडं पठार), पालापाचोळा, झुडपाची उंची.

लांबीसाठी पट्टी बेडकाच्या शेजारी त्याच पातळीवर ठेवा, अंगावर नाही. लांबी नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत मोजतात, पाय धरत नाहीत.

शेपटी नुकतीच गेलेल्या पिल्लाला प्रजातीचं नाव देऊ नका. वंशापर्यंत पोचलात तरी पुष्कळ.

## ५. जागेची नोंद

अक्षांश-रेखांश फोनवरून घ्या, आणि फोन दाखवतो ती अचूकता, म्हणजे पाच मीटर की पन्नास, तीही लिहा. समुद्रसपाटीपासूनची उंची लिहा. मग गाव, तालुका, जिल्हा, राज्य.

या शेवटच्या ओळीत आपल्याकडे फार घोळ होतो. "चोर्ला घाट, गोवा" असं लिहिलेल्या कितीतरी नोंदी खानापूर तालुक्यातल्या असतात. चोर्ला गाव बेळगाव जिल्ह्यात आहे, घाट पुढे गोव्यात उतरतो. राज्याची सीमा बेडकाला नसते, पण याद्या राज्यावार होतात आणि परवानग्याही. जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर बेळगाव, नॉर्थ कॅनरा, बॉम्बे प्रेसिडेन्सी अशी नावं असतात. ताडून पाहताना ती आजच्या तालुक्यावर आणून ठेवा. गावाचं नाव मराठी उच्चाराप्रमाणे लिहा आणि सरकारी नकाशावर कन्नडमधून आलेलं रूपही शेजारी ठेवा, म्हणजे पुढे कुणाला शोधताना अडचण नको.

> सावधान: सड्यावरचे किंवा एकाच ओढ्यापुरते राहिलेले बेडूक असतील तर नेमकी जागा जाहीर करू नका. मांसासाठी बेडूक पकडणारे या पट्ट्यात पावसाळ्यात फिरतात. सार्वजनिक नोंदीत गाव द्या, बिंदू स्वतःच्या वहीत ठेवा.

विणीचा पुरावा दिसला तर तो नक्की लिहा, कारण तो थेट वर्गीकरणाशी जोडलेला आहे. पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचा गोळा असेल तर रॅकोफोरस किंवा पॉलिपिडेटिस वंशाचा झाडबेडूक. ओल्या कातळाला चिकटून सरपटणारी, लांब शेपटीची भेकुरली (बेडकाची शेपटीवाली पिल्लं) असतील तर इंडिराना. ओढ्यावरच्या पानावर किंवा दगडावर अंड्यांचा पुंजका असेल तर रातबेडूक पाहायचा. झुडूपबेडकांची भेकुरली पाण्यात सापडणारच नाहीत. त्यांच्या अंड्यातून सरळ छोटा बेडूक बाहेर पडतो.

## ६. नाव नको, आधी कुळ आणि वंश

आता कुठे पुस्तक उघडायचं. वरून खाली या, उडी मारू नका.

डोळ्यामागे फुगीर ग्रंथी आणि खडबडीत कातडी असेल तर भेकांचं कुळ. कानाचा पडदा दिसत नाही, तोंड निमुळतं आणि अंग फुगीर असेल तर मायक्रोहायलिडी. बोटांच्या टोकाला मोठ्या चकत्या असतील आणि बेडूक झाडाझुडपांवर असेल तर रॅकोफोरिडी. ओढ्यात, सुरकुतलेल्या कातडीचा, उभ्या चौकटीसारख्या बाहुलीचा असेल तर निक्टीबॅट्रेकस. बोटांना चकत्या नाहीत, शेताच्या पाण्यात आहे आणि पोटाच्या दोन्ही कडांना बारीक लांब रेघ आहे, तर मिनर्वार्या.

चकत्या पाहून लगेच झाडबेडूक म्हणू नका. इंडिरानालाही चकत्या असतात आणि तो पाल्यात, दगडांवर उड्या मारत असतो. पाठीवरच्या लांबट घड्या पाहा.

वंश ठरल्यावर त्या वंशाच्या या भागातून नोंदलेल्या सगळ्या प्रजाती कागदावर लिहा आणि एकेक खोडत जा. प्रत्येक नाव कशावरून खोडलं ते शेजारी लिहा. दोन उरली तर दोन्ही ठेवा.

नाव आजचं आहे का? जुन्या पुस्तकातली नावं बदलली आहेत. आपल्याकडचा फेजर्वार्या २०१८ नंतर मिनर्वार्यात गेला. रामानेला २०१६ मध्ये उपेरोडॉनमध्ये मिसळला. बॉम्बायेन्सिस आधी फिलॉटस होता, २०१० पासून राओर्चेस्टेस. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची 'अँफिबियन स्पीशीज ऑफ द वर्ल्ड' ही यादी इंटरनेटवर मोफत आहे. तिथे चालू नाव, जुनी नावं आणि मूळ ठिकाण तिन्ही मिळतं. मूळ ठिकाण न पाहता नाव लिहू नका.

शंका लिहिण्याची पद्धत. खात्री नसेल तर वंशाच्या नावानंतर "एसपी." लिहा. अमुक प्रजातीशी जुळतो, पण पडताळायचा आहे, तर मध्ये "सीएफ." घाला. जवळचा आहे पण वेगळा वाटतो, तर "अ‍ॅफ." घाला. यात कमीपणा काही नाही. निक्टीबॅट्रेकस सीएफ. पेट्रिअस ही नोंद दहा वर्षांनीही उपयोगाची असते. ठामपणे लिहिलेलं चुकीचं नाव मात्र शोधून काढून खोडावं लागतं.

## ७. डीएनएसाठी नमुना

हा टप्पा परवानगी असलेल्या संशोधकांचाच. हौशी माणसाने बोटाचं टोक कापणं, भेकुरली उचलणं, रस्त्यावर मेलेला बेडूक बाटलीत भरणं, यातलं काही करायचं नाही. चोर्ला रस्त्यावर गाडीखाली आलेला बेडूक दिसला तर फोटो आणि जागा टिपा, आणि परवानगी असलेल्या संस्थेला कळवा. पुण्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, शिवाय जवळच्या कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग असतोच.

विद्यार्थी परवानगीखाली काम करत असतील तर नेहमी चुकतं ते हे:

१. फॉर्मेलिन आधी, अल्कोहोल नंतर. ऊतक आधी घ्यायचं. फॉर्मेलिन डीएनएचे तुकडे करतं आणि त्याला बांधून टाकतं.

२. हलकं अल्कोहोल. पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं इथेनॉल हवं. दुकानातलं स्पिरिट किंवा सॅनिटायझर चालत नाही. ऊतकाच्या दहापट द्रव असावा आणि पहिल्या दिवसानंतर तो बदलावा, कारण ऊतकातलं पाणी त्यात उतरतं.

३. चिठ्ठी बाहेर. बाटलीवरची शाई अल्कोहोलने पुसते. पेन्सिलीने लिहिलेली कागदाची चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. क्रमांक वहीतल्या, फोटोच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या क्रमांकाशी एकच हवा.

४. एकाच डबक्यातली सगळी भेकुरली. ती बहुधा सख्खी भावंडं असतात. जनुकीय विविधता मोजायची असेल तर त्यातून चुकीचं चित्र मिळतं.

५. कात्री न पुसणं. दोन बेडकांच्या मध्ये हत्यार ज्योतीवर किंवा ब्लीचने स्वच्छ करा.

जिथे जमेल तिथे तोंडातून किंवा कातडीवरून फिरवलेला कापसाचा बोळा (स्वॅब) घ्या, बोटही कापायला नको. त्यालाही परवानगी लागतेच.

## ८. निकाल वाचणं

बेडकांसाठी सगळ्यात जास्त वापरला जातो तो मायटोकाँड्रियातला १६एस जनुकाचा तुकडा, साधारण साडेपाचशे अक्षरांचा. प्रयोगशाळेतून फाइल आली की लगेच तुलनेला बसू नका.

आधी आलेख पाहा. प्रत्येक अक्षराचं शिखर स्वच्छ आहे का? सुरुवातीची आणि शेवटची अस्पष्ट अक्षरं कापा. दोन्ही बाजूंनी वाचन झालं असेल तर ती जुळवा. ज्या तुकडीत कोरा नमुना, म्हणजे निगेटिव्ह कंट्रोल, पॉझिटिव्ह आला, ती सगळी तुकडी बाद.

मग ब्लास्ट, म्हणजे आपला तुकडा आधीच्या तुकड्यांशी ताडून पाहणारा संगणकीय शोध. जेनबँक या डीएनएच्या सार्वजनिक साठ्यात असा शोध घेतल्यावर पहिल्या ओळीत एक नाव आणि ९९ टक्के दिसतं. तिथेच लोक थांबतात. थांबू नका. पुढचे प्रश्न विचारा: तुमच्या तुकड्याचा किती भाग जुळला? ते नाव लावणाऱ्याने नमुना कुठून घेतला होता? तो कुठे जपून ठेवला आहे? नमुना मूळ ठिकाणचा आहे का? नोंद कुठल्या साली झाली, आणि त्यानंतर त्या प्रजातीचं वर्गीकरण बदललं का?

जेनबँकेतली नावं नोंद करणाऱ्याने दिलेली असतात. ती जुनी राहतात, काही मुळातच चुकीची असतात. हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा हा बेडूक २०१५ मध्ये वेगळा ठरला. त्याआधी आपल्या भागातले असे बेडूक मलबारिकस या नावाखालीच लिहिले जात. जुन्या नोंदीशी ९९ टक्के जुळलं म्हणून मलबारिकस लिहिलंत तर दहा वर्षं मागे गेलात.

तीन टक्क्यांचा मोह. १६एसमध्ये तीन टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे वेगळी प्रजाती, असं मुलं पाठ करून येतात. हा उंबरठा दक्षिण अमेरिकेतल्या वर्षावनांच्या बेडकांच्या अभ्यासात २००७ मध्ये वापरला गेला, आणि तिथेही तो संभाव्य प्रजाती चाळून काढण्यासाठीच होता. साडेपाचशे अक्षरांत तीन टक्के म्हणजे साधारण सोळा-सतरा अक्षरं. अलीकडे वेगळ्या झालेल्या दोन प्रजातींत याहून कमी फरक असू शकतो. उलट, दूरवर पसरलेल्या एकाच प्रजातीच्या दोन टोकांत जास्तही असू शकतो. मधल्या जागांचे नमुने नसले की हळूहळू वाढत जाणारा फरक एकदम तुटल्यासारखा दिसतो. आंबोली आणि कॅसलरॉकचीच तुलना करून वेगळी प्रजाती जाहीर करण्यातला धोका हाच आहे, आणि कणकुंबी-चोर्ल्याचे नमुने लागतात ते यासाठीच.

डीएनएच्या अक्षरांची रांग जुळवताना. १६एसमध्ये काही ठिकाणी अक्षरं गळतात किंवा वाढतात. रिकाम्या जागा कशा धरल्या यावर टक्केवारी बदलते. सगळ्या तुलनांना एकच नियम लावा आणि तो लिहून ठेवा.

एकच जनुक पुरत नाही. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो. दोन प्रजातींचा संकर झाला असेल तर तो यात दिसणार नाही. म्हणून केंद्रकातलं किमान एक जनुक जोडीला घेतात. ते आणि १६एस वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतील तर निष्कर्ष थांबवा.

> तपासणी: डीएनए, आवाज आणि शरीररचना या तिन्हींपैकी किती गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवतात? तिन्ही असतील तर नाव लिहा. दोन असतील तर "सीएफ.". फक्त डीएनए असेल तर "एसपी." लिहून टप्पा तीनवर परत जा.

## ९. विविधता म्हणजे प्रजातींची संख्या नव्हे

प्रकल्पांच्या मथळ्यात "जनुकीय विविधता" असतं आणि आत प्रजातींची यादी असते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनुकीय विविधता एका प्रजातीच्या आत मोजतात: एका ठिकाणच्या बेडकांमध्ये त्या जनुकाची किती वेगळी रूपं आहेत आणि ठिकाणाठिकाणांत ती किती वेगळी आहेत. प्रजाती ओळखण्यापुरते एका ठिकाणचे दोन-चार नमुने चालतात. लोकसंख्येतली विविधता मोजायला प्रत्येक ठिकाणचे साधारण वीस ते तीस लागतात, आणि ते एकमेकांचे जवळचे नातलग नसावेत. इतके नमुने घेणं दुर्मीळ बेडकाच्या बाबतीत योग्य नाही. तिथे बोळ्यांवर भागवा, नाहीतर प्रश्नच लहान करा.

ठिकाणं निवडताना गावांची नावं बघून निवडू नका, पाणी बघा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडे जाते. म्हादईकडे जाणारे ओढे पश्चिमेकडे उतरतात. दोन्ही उतारांवरचे आणि मधल्या कड्यावरचे नमुने असतील तर रातबेडकासारख्या ओढा न सोडणाऱ्या बेडकात पाणलोटाचा परिणाम दिसू शकतो. झुडूपबेडकाला ओढ्याची गरज नाही, त्याच्या बाबतीत सलग झाडी कुठे तुटते ते पाहायचं.

## १०. नोंद ठेवणं आणि सुधारणं

फोटो, आवाज, जागा आणि डीएनएचा क्रमांक एकाच क्रमांकाखाली ठेवा, आणि दोन ठिकाणी जपा. सार्वजनिक ठिकाणी टाकायची तर इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्ट चालतं. फक्त "कुणीतरी सांगितलं" म्हणून आलेलं नाव स्वीकारू नका. कशावरून, हे विचारा. नावं सांगणारी जाणती माणसं या प्रश्नावर रागवत नाहीत.

नाव बदललं तर जुनं पुसू नका. त्याच्याखाली नवं नाव, तारीख आणि बदलाचं कारण लिहा. गेल्या वर्षीच्या मिनर्वार्या एसपी.चा आवाज या पावसाळ्यात ओळखला गेला, तर त्याच खाचरातली जुनी नोंदही मार्गी लागते.